बर्फावरील हॉकी आणि एक धर्मगुरू

गेल्या नाताळाच्या सुमारास आम्हांला कॅनडातून एक पत्र आले. पत्र लिहिणारा गृहस्थ आमच्या एका जुन्या धर्मग्रामातला. लहानपणी तो आमच्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा राहत असे. आज तो चाळिशीत आहे, टोरोंटोजवळ कुटुंबासह स्थायिक झाला आहे आणि तेथील सहकाऱ्यांच्या आग्रहाने बर्फावरील हॉकी शिकू लागला आहे. आठवड्यातून एकदा, कामधंदा आटोपल्यावर रात्री उशिरा, त्याच्यासारखीच हौशी मंडळी बर्फावर जमतात. पहिल्या दिवशी शिक्षकाने त्याला काठी धरायला शिकवले नाही. पडायला आणि पडल्यावर उठायला शिकवले. घरी दोन लहान मुले असताना या वयात असा खेळ खेळणे हा वेळेचा अपव्यय तर नव्हे, असा प्रश्न त्याने आम्हांला विचारला होता. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. आपल्या चर्चच्या मागील खोलीतील कपाटात ठेवलेली व्हॉलीबॉलची जाळी अजून तेथेच आहे का, असे त्याने सहज विचारले होते.

त्या ओळीने आम्हांला काही दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. त्या जाळीची हकिकत पुढे येईलच. पत्राला उत्तर देण्यापूर्वी या अपरिचित खेळाविषयी काही वाचावे म्हणून आम्ही बसलो, आणि वाचता वाचता आमच्यासारख्याच एका धर्मगुरूची गाठ पडली. त्यांचे नाव फादर डेव्हिड बाउअर. त्यांची कथा आपल्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

खेळाची ओळख

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळीवरचा खेळ येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. वांद्र्याच्या कॅथलिक तरुणांनीही त्या खेळात नाव कमावले. परंतु ज्या देशांत वर्षातले कित्येक महिने तळी गोठलेली असतात, तेथे हॉकीने बर्फाचा आश्रय घेतला. गोठलेल्या तळ्यांवर असे खेळ पूर्वापार चालत आले असले, तरी बंदिस्त मैदानात रीतसर खेळलेला पहिला सामना म्हणून ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात झालेल्या सामन्याची नोंद केली जाते. जेम्स क्रेटन या तरुणाने तो घडवून आणला. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून त्यांनी चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरली. त्या चकतीचीच आज कठीण रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची ‘पक’ झाली आहे.

आता प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. त्यांतला एक गोलरक्षक. कॅनडातील मैदान साधारण दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असते. बुटांच्या तळाला पोलादी पाती बसवलेली, हातात लांब काठी, आणि वेग असा की पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. मोठ्या सामन्यांत अंगाने अंगाला टक्कर देण्याची मुभा असते. त्यामुळे राग लवकर चढतो आणि हातमोजे फेकून मुष्टियुद्ध सुरू होण्यास वेळ लागत नाही. अशा तापट खेळात एका धर्मगुरूचे काय काम, असे कोणासही वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले.

एका घरातील दोन भाऊ

डेव्हिड बाउअर यांचा जन्म १९२४ साली ऑन्टारियो प्रांतातील किचनर येथे, जर्मन वंशाच्या एका मोठ्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे थोरले बंधू बॉबी बाउअर हे बॉस्टनच्या व्यावसायिक संघाचे नामांकित खेळाडू. १९३९ आणि १९४१ साली त्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा बॉबी त्यात होते. त्याहून अधिक मोलाची गोष्ट अशी की, सभ्य आणि निर्मळ खेळासाठी दिला जाणारा लेडी बिंग पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला. वेगवान आणि तापट खेळातही माणसाला सज्जन राहता येते, याचा वस्तुपाठ डेव्हिड यांना घरातच मिळाला होता.

धाकट्या भावाच्या अंगीही तीच कला होती. व्यावसायिक खेळाचे दार त्यालाही खुणावत होते. परंतु आधी शिक्षण, हा वडिलांचा आग्रह होता. १९४४ साली कुमार खेळाडूंचा मेमोरियल चषक जिंकणाऱ्या ओशावाच्या संघात डेव्हिड खेळले. कीर्ती आणि पैसा समोर दिसत असताना त्यांनी दुसरी वाट धरली. संत बाझिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मसंघात त्यांनी प्रवेश केला आणि १९५३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

हा धर्मसंघ १८२२ साली फ्रान्समध्ये स्थापन झाला. क्रांतीच्या वादळात तेथील ख्रिस्तसभेची शिक्षणव्यवस्था मोडून पडली होती. ती पुन्हा उभारण्याच्या ध्यासातून काही धर्मगुरू एकत्र आले. त्यांनी १८५२ साली टोरोंटोत संत मायकलांच्या नावाने विद्यालय काढले. चांगुलपणा, शिस्त आणि ज्ञान ही स्तोत्रकर्त्याने मागितलेली तीन दाने या संघाने आपले ब्रीद म्हणून स्वीकारली आहेत. तिन्हींचा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. ज्ञान शेवटी येते. चांगुलपणा सर्वांत आधी.

विद्यालयाचा कठोर निर्णय

फादर बाउअर या विद्यालयात अध्यापन करू लागले आणि हॉकीच्या मुलांचे मार्गदर्शकही झाले. १९६१ साली त्यांच्या संघाने मेमोरियल चषक जिंकला. एखाद्या शाळेने याहून अधिक यशाची अपेक्षा काय करावी? परंतु यशाच्या या शिखरावर उभे असतानाच विद्यालयाने अशा वरच्या दर्जाच्या स्पर्धांतून अंग काढून घेण्याचे ठरवले. सामने फार वाढले होते, प्रवास वाढला होता, मैदानावरील दांडगाई वाढली होती आणि अभ्यास मागे पडत होता. त्या काळी व्यावसायिक हॉकीच्या सर्वोच्च साखळीत अवघे सहा संघ होते, म्हणजे शंभर-सव्वाशे खेळाडूंची सोय. तेवढ्या जागांकडे डोळे लावून हजारो मुले शाळा अर्धवट सोडीत. ज्यांना जागा मिळत नसे त्यांच्या हाती ना खेळ उरे, ना विद्या.

येथपर्यंतची कथा वाचून आम्हांला आमच्या जाळीची आठवण झाली. ती आता सांगतो.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी आम्ही नवदीक्षित असताना धर्मग्रामाच्या सणानिमित्त आळ्या-आळ्यांमध्ये व्हॉलीबॉलचे सामने होत. एका वर्षी अंतिम सामन्यात चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरून वाद झाला. वादाचे पर्यवसान हातघाईत झाले आणि एका मुलाचे डोके फुटले. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून जाहीर केले की, या धर्मग्रामात यापुढे सामने होणार नाहीत. जाळी आणि चेंडू कपाटात घातले आणि किल्ली स्वतःपाशी ठेवली. काही मुले दोन-तीनदा दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही त्यांना आत बोलावले नाही. आमची बदली होईपर्यंत ते कपाट उघडले गेले नाही. गावात शांतता झाली म्हणून आम्हांला समाधान वाटले होते. त्या दाराशी उभ्या राहिलेल्या मुलांपैकी एकजण म्हणजे आज कॅनडातून पत्र लिहिणारा गृहस्थ.

संत मायकल विद्यालयानेही दार बंद केले होते. त्याची कारणे आमच्या कारणांहून अधिक विचारपूर्वक होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही खरा फरक त्यानंतर फादर बाउअर यांनी जे केले त्यात आहे. जे वाईट होते ते थांबले. आता त्याच्या जागी चांगले काय उभे करायचे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आम्ही तो विचारलाच नव्हता.

हौशी संघाचे स्वप्न

१९६१ साली फादर बाउअर यांची बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरातील संत मार्क महाविद्यालयात झाली. पुढील वर्षी त्यांनी कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेपुढे एक योजना मांडली. तोवर जागतिक स्पर्धांत कॅनडातर्फे एखाद्या गावचा विजेता संघ पाठवला जाई. त्याऐवजी शिक्षण घेणाऱ्या तरुणांचा एक राष्ट्रीय संघ असावा. त्यांनी एकत्र राहावे, वर्गात शिकावे, बर्फावर सराव करावा आणि देशासाठी खेळावे, अशी ती योजना होती. ती मान्य झाली.

या मुलांना खेळाचे वेतन मिळणार नव्हते. ‘अमॅच्युअर’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘आमारे’ या धातूत आहे. ‘आमारे’ म्हणजे प्रेम करणे. मोबदल्यासाठी न खेळता खेळाच्या प्रेमापोटी खेळतो, तो हौशी. तंत्राचा उपयोग जरूर करा, परंतु वरचढ ठरू द्या तो आत्मा, अशा आशयाची शिकवण फादर बाउअर आपल्या खेळाडूंना देत असत. सेमिनरीत आम्ही ईशज्ञानाचे मोठमोठे ग्रंथ अभ्यासले. त्यांतले पुष्कळसे या एका वाक्यात सामावले आहे, असे आम्हांला वाटते.

इन्सब्रुकची ती रात्र

ज्या १९६४ सालाच्या अखेरीस परमगुरुस्वामी सहावे पौल मुंबईच्या युखरिस्तीय अधिवेशनास आले, त्याच सालाच्या प्रारंभी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. फादर बाउअर आपला विद्यार्थी-संघ घेऊन तेथे गेले. रोमन कॉलर घातलेला हा मार्गदर्शक खेळाडूंच्या बाकामागे उभा राहत असे.

स्वीडनविरुद्धच्या सामन्यात स्वीडनचा खेळाडू कार्ल गोरान ओबर्ग याच्या हातातील तुटलेली काठी कॅनडाच्या बाकाच्या दिशेने भिरकावली गेली आणि ती फादर बाउअर यांच्या कपाळावर लागली. रक्ताची धार लागली. आपल्या गुरूचे रक्त पाहून बाकावरील तरुण खवळून उठले. त्या खेळात अशा प्रसंगी काय होते हे आपण वर पाहिलेच आहे. परंतु फादर बाउअर यांनी त्यांना जागीच थोपवले. कोणीही बर्फावर उतरायचे नाही, कोणीही सूड घ्यायचा नाही, अशी त्यांची आज्ञा होती. ती पाळली गेली. सामना पुढे चालू झाला आणि कॅनडाने तो ३-१ असा जिंकला.

एवढ्यावर ही हकिकत संपत नाही. ओबर्गवर एका सामन्याची बंदी आली. तेव्हा फादर बाउअर यांनी त्याला निरोप पाठवला आणि दुसऱ्या एका सामन्याच्या वेळी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतले. जखमेवर पट्टी बांधलेला धर्मगुरू आणि ज्याच्या काठीने ती जखम झाली तो तरुण, असे दोघे शेजारी बसून खेळ पाहत होते. दुसरा गाल पुढे करण्याविषयी आम्ही किती प्रवचने दिली असतील, त्याची गणती नाही. ती सर्व एकत्र केली तरी हजारो लोकांच्या डोळ्यांपुढे मांडलेल्या या प्रवचनाची सर त्यांना येणार नाही. या संयमाबद्दल फादर बाउअर यांना एक खास सुवर्णपदक देऊन गौरवण्यात आले.

चौथा क्रमांक

त्यांच्या मुलांच्या वाट्याला मात्र पदक आले नाही. पहिले पाचही सामने त्यांनी जिंकले. नंतर चेकोस्लोव्हाकियाकडून ते १-३ असे हरले. त्या सामन्यात आघाडीवर असताना त्यांचा गोलरक्षक सेथ मार्टिन जायबंदी झाला होता. शेवटच्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध ते २-१ असे पुढे होते. तो सामना जिंकते तर सुवर्णपदक त्यांचेच होते. सामना ३-२ असा सोव्हिएत संघाने जिंकला. स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया आणि कॅनडा या तिन्ही संघांचे विजय सारखेच भरले. आपल्याला कांस्यपदक मिळाले असेच मुलांना वाटत होते; परंतु गोलांचा हिशेब असा लावण्यात आला की त्यांना चौथे स्थान मिळाले. या हिशेबाविषयी पुढे कित्येक वर्षे वाद चालू राहिला.

१९६८ साली ग्रेनोबल येथे त्यांच्या संघाने कांस्यपदक मिळवले. मग व्यावसायिक खेळाडूंच्या प्रश्नावरून तंटा होऊन कॅनडाने १९७० साली आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून माघार घेतली आणि तो हौशी संघ विसर्जित झाला. जगाच्या हिशेबाने पाहिले तर स्वप्न अर्धवटच राहिले. परंतु त्या मुलांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी मार्गदर्शक झाले, कोणी दूर जपानमध्ये जाऊन हा खेळ शिकवू लागले. फादर बाउअर ९ नोव्हेंबर १९८८ रोजी प्रभुचरणी विलीन झाले. पुढच्याच वर्षी हॉकीच्या सन्मान-दालनात त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले. कॅलगरी शहरातील एका बर्फाच्या मैदानालाही त्यांचे नाव आहे.

खेळाच्या नियमांतून

वाचकहो, या कथेबरोबरच त्या खेळाच्या काही रीतींनीही आमचे लक्ष वेधून घेतले. त्यांतील तीन येथे सांगतो.

पहिली रीत गुणांची. गोल करणाऱ्याच्या नावापुढे जसा एक गुण लिहिला जातो, तसाच त्याच्याकडे पक पोहोचवणाऱ्या शेवटच्या दोघांच्या नावापुढेही प्रत्येकी एक गुण लिहिला जातो. तिघांचाही गुण सारखाच. घरात आई, शाळेत शिक्षिका, धर्मग्रामात घंटा वाजवणारा आणि फुले वाहणारी, यांचे गुण आपण कोठे लिहितो? देवाच्या वहीत ते लिहिलेले असतात, याविषयी आम्हांला शंका नाही.

दुसरी रीत शिक्षेची. खेळाडूने आगळीक केली तर त्याला दोन मिनिटे वेगळ्या कोठडीवजा जागेत बसावे लागते, आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका माणसाने उणा खेळतो. चूक एकाची, भार सर्वांवर. पाप हे खाजगी असते, त्याचा इतरांशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन मिनिटे अवश्य पाहावीत. संत पौलाने करिंथकरांना हेच सांगितले की, शरीराचा एक अवयव दुखावला तर सारे शरीर दुखावते.

तिसरी रीत बर्फाची. खेळताना पोलादी पात्यांनी बर्फावर चरे पडतात. दांडगाई करणाऱ्यांमुळेच ते पडतात असे नाही. निर्मळ खेळणाऱ्यांमुळेही पडतात. म्हणून सामन्याच्या मध्यंतरात एक यंत्र मैदानावर फिरवले जाते. ते बर्फाचा वरचा थर खरवडते, चरे धुते आणि वर पाण्याचा पातळ थर देते. तो गोठला की मैदान आरशासारखे होते. फ्रँक झांबोनी नावाच्या गृहस्थाने १९४९ साली हे यंत्र बनवले आणि त्याच्या नावानेच ते ओळखले जाते. पापनिवेदन संस्कार आणखी वेगळा काय असतो? आपण रोज जगतो, चरे पडतात. मोठे पाप केले नाही म्हणून सहा-सहा महिने पापनिवेदनाला न येणाऱ्यांना आम्ही आता या बर्फाचा दाखला देतो.

पत्राचे उत्तर

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांना एका सद्गुणाची जोड दिली आहे. तेथे त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असलेले पाहून काहीजणांना ते रुचले नाही. त्यांतल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, मग पुन्हा, मग पुन्हा. असेच अखंड करत राहू शकशील काय, असे विचारता तो म्हणाला की, तसे केल्यास धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ सालच्या आपल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात म्हटले आहे की, क्रीडा मनाचा समतोल राखण्यास आणि माणसामाणसांत बंधुभाव जोडण्यास साहाय्य करतात.

आम्ही त्या गृहस्थाला लिहिले की, त्याने अवश्य खेळावे. घरच्यांचा आणि रविवारच्या मिस्साचा वेळ त्यात जाऊ देऊ नये. हरून घरी परतल्यावर मुलांशी जिंकल्यासारखेच हसून बोलावे. खेळ त्याच्या ताब्यात आहे की तो खेळाच्या, हे त्यावरून कळेल. आणि पडावे लागले तर लाजू नये. पडायला आणि उठायला शिकणे हाच त्या खेळाचा पहिला धडा आहे, आणि ख्रिस्ती जीवनाचाही.

जाळीविषयीही लिहिले. ती बंद करून आम्ही भांडण थांबवले, परंतु भांडणाऱ्या त्या दोन मुलांना एका बाकावर शेजारी बसवण्याचे कष्ट घेतले नाहीत, हे मान्य केले. ज्याचे डोके फुटले त्याच्या घरी आम्ही गेलो होतो. ज्याने फोडले त्याच्या घरी मात्र गेलो नव्हतो. त्याबद्दल त्या गृहस्थाची आणि त्याच्याबरोबर दाराशी उभ्या राहिलेल्या सर्वांची आम्ही क्षमा मागितली.

आमच्या सध्याच्या धर्मग्रामाचा सण जवळ आला आहे. तरुण मंडळींनी सामन्यांची परवानगी मागितली, ती आम्ही दिली. एक अट घातली आहे. अंतिम सामना संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला संघ एकाच पंक्तीला, एकाआड एक बसून जेवतील, आणि वाढायला आम्ही स्वतः असू. भांडण होणारच नाही अशी आमची भाबडी समजूत नाही. झालेच तर या वेळी किल्ली शोधण्यापूर्वी आम्ही दोन घरांच्या पायऱ्या चढू, एवढे मात्र आम्ही प्रभूला वचन दिले आहे.